मांजरीच्या नावाची मासोळी

आमच्या घरी मांजर कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण जबलपुरात मी एम.एस्सी.ला होती तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माझ्या मांजरीचा रंग, वय आणि खाण्याचे नखरे तोंडपाठ होते. पांढरी, शेपटीवर काळा डाग, दुधाला तोंड लावत नाही, मासोळीच पाहिजे. कोणी विचारलं की मी इतकं रंगवून सांगायची की कधीकधी घरी आल्यावर मलाच वाटायचं, आज बया कुठं दिसली नाही.

ही मांजर आली कशी, ते सांगते. आम्ही कांचघरला राहायचो. बाबा फॅक्टरीत होते. आजोबांच्या वेळेस आमचं गणगोत भंडाऱ्याकडून इकडं आलं, मग नवी राज्यं झाली, नागपूर तिकडं गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहून गेलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. कॉलेजात मी मराठी आहे हे आपणहून कोणाला सांगायची नाही. मराठी म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, 'मतलब ब्राह्मण?' आणि नाही म्हटलं की त्याच्या पुढचा. बाबा म्हणायचे, ताठ मानेनं सांगायचं, आम्ही बौद्ध आहोत. बाबांचं बरोबरच होतं. पण बाबांना त्या पोरींसोबत डबा खायला बसावं लागत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात डबा खाताना कोणीतरी विचारलं, 'तुम लोगों में तो खाते होंगे ना, मछली-वछली?' सहजच विचारलं होतं, टोचायचं म्हणून नाही, हे आज कळतं. तेव्हा मला 'तुम लोगों में' एवढंच ऐकू आलं आणि माझी कानशिलं तापली. मी म्हणाली, 'नहीं. हम बौद्ध हैं. हमारे में हिंसा नहीं चलती.' अगं बाई! बोलून तर गेली. समोरच्या पोरी एकदम आदरानं पाहायला लागल्या. एकजण म्हणाली, 'कितनी अच्छी बात है.' त्याच संध्याकाळी आमच्या घरी सुकटीची चटणी होती आणि बाबा बोटं चाटूनपुसून खात होते. मी त्यांच्या शेजारीच बसली होती, आणि माझी बोटंही काही कोरडी नव्हती.

आता हिंसा चालत नाही म्हणणारी मी, आणि विषय कोणता घेतला तर मासोळीची अंडी. आमच्या सरांचं सगळं आयुष्य मासोळ्यांच्या पोटात डोकावण्यात गेलं होतं. त्यांनी मला अंडाशय दिलं आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला आतडं. अंडं कसं वाढतं ते मी पाहायचं, खाल्लेलं कसं पचतं ते तिनं पाहायचं, आणि दोघींनी जात एकच घ्यायची, मांगुर. मांगुर पाण्याबाहेरही बराच वेळ जिती राहते, म्हणून सोयीची. गोहलपुरकडून एकजण सायकलला डबा बांधून आणायचा आणि विभागातल्या टाकीत सोडून जायचा.

सरांचा एकच धोशा असे, 'ताज़ा चाहिए, एकदम ताज़ा.' त्याचं कारण मला फार अजब वाटायचं. मासोळी मरते, पण तिच्या पोटातले पाचकरस थांबत नाहीत. खायला दुसरं काही उरलं नाही की ते तिचंच आतडं पचवायला घेतात. थोडा उशीर झाला की आतलं अस्तर गळून जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसता लगदा दिसतो. म्हणून मासोळी मारली की लगोलग पोट उघडायचं आणि पाहिजे तो तुकडा पिवळ्याजर्द द्रावणाच्या बाटलीत टाकायचा. पुढं तो तुकडा अल्कोहोलमधून काढायचा, मेणात बसवायचा, मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याच्या पातळ चकत्या कापायच्या. यंत्राचा दांडा फिरवला की चकत्या एकीला एक चिकटून मेणाची फीत निघते. ती फीत श्वास रोखून धरायची, कोमट पाण्यावर पसरायची, काचेवर उचलायची आणि रंगवायची. पंखा लावायची सोय नाही. एक शिंक आली की सकाळपासूनचं काम हवेत उडालं समजा.

मला ते काम जिवापाड आवडायचं. माझ्या हातची पहिली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली तो दिवस मला अजून आठवतो. एवढ्याशा कापात लहानमोठी अंडी दाटीवाटीनं बसलेली. कोवळी अंडी जांभळी, मधोमध गोल केंद्रक. थोडी मोठी झालेली, त्यांच्या कडेला मोत्यांसारखे पोकळ ठिपके. आणि पिकलेली अंडी गुलाबी, बलकाच्या दाण्यांनी गच्च भरलेली. मी किती वेळ मान वर केली नाही कोणास ठाऊक. सर मागं येऊन उभे राहिले, त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, 'ठीक है. अच्छा कटा है.' सर 'ठीक है' म्हणाले म्हणजे पोरं चहा पाजायला सांगत. त्या द्रावणानं माझी बोटं सदा पिवळी असायची, साबणानं काही जायचं नाही. कांचघरच्या बाया हसून विचारायच्या, 'काहून वं, हळद लागली का आम्हाले न सांगता?'

माझ्या मैत्रिणीचं घर बड़ा फुहाऱ्याजवळ होतं. त्यांचं कापडाचं दुकान. घरात कांदा-लसूणसुद्धा शिजत नसे. अशा पोरीनं प्राणिशास्त्र का घेतलं, हे तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. जिती मांगुर हातात धरायची म्हटलं की ती हात पाठीमागं लपवायची, मारणं तर लांबच. मग तिच्याही मासोळ्या मीच मारायला लागली. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहायची, मी डोक्यावर ठोकायची आणि म्हणायची, 'हो गया, देख ले.' एकदा तिनं विचारलं, 'तुमको पाप नहीं लगता?' मी म्हणाली, 'विज्ञान के लिए चलता है.' माझी अहिंसा अशी, सोयीनुसार उठायची-बसायची.

पण मुद्दा मासोळीचा. आम्हाला लागायचा तो तुकडा बोटाच्या पेराएवढा. बाकीची सगळी मासोळी, चांगली ताजी, लालबुंद मांसाची, कोपऱ्यातल्या बादलीत जायची. बादली भरली की मागच्या खड्ड्यात. मी अशा घरची, जिथं मासोळीचं डोकं कोणाच्या ताटात जाणार ह्यावरून भांडण व्हायचं. ती बादली पाहून माझा जीव तुटायचा. काही दिवस मी दम धरला. मग एका दुपारी बादलीकडं न पाहता, अगदी सहज बोलल्यासारखं बोलली, 'ये सब मैं ले जाऊँ? हमारे यहाँ बिल्ली है.'

झालं. अशी आली मांजर.

मैत्रिणीला तर इतका आनंद झाला की विचारू नका. तिच्या मनातलं पापाचं ओझं अर्धं उतरलं असावं. तिच्यामुळं मेलेली मासोळी कोणाच्या तरी पोटात जात होती. ती स्वतः कागदात नीट गुंडाळून द्यायची आणि म्हणायची, 'बिल्ली को मेरा प्यार देना.' मी म्हणायची, 'हाँ, हाँ.' आणि प्यार घेऊन घरी यायची.

घरी वेगळीच गोष्ट सांगितली होती. आईनं पहिल्या दिवशी पुडकं उघडून विचारलं, 'हे कुठून आणलं वं?'

'कॉलेजात देतेत. शिकणाऱ्यांले.'

'फुकट?'

'हाव.'

'अन् पोट साफ करून?'

'हाव ना बाप्पा, किती विचारतं!'

'देव भलं करो त्यांचं,' आई म्हणाली. मग स्वतःच हसली, कारण आमच्या घरी देवाचं नाव घेतलं की बाबा डोळे वटारायचे. बाबांना तर ह्या मासोळीचा इतका अभिमान की फॅक्टरीतल्या लोकांना सांगत, माही पोरगी शिकते तं घरी मासोळी येते. मी ऐकायची आणि मान खाली घालून भात कालवायची. प्रयोगशाळेत मी मांजरीच्या आड, घरी कॉलेजच्या आड. दोन्हीकडं लाज, आणि तरी रस्सा इतका झणझणीत असायचा की मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

असे कितीतरी महिने गेले. मग उन्हाळ्याच्या शेवटी ताई बाळंतपणाला माहेरी आली. तिचं पहिलं पोटातच गेलं होतं, पाचव्या महिन्यात. हे दुसरं. सातवा लागला होता आणि घरात सगळे जपून बोलायचे, जपून चालायचे, जणू जोरात बोललं तरी काही होईल. ताई स्वतः रात्रंदिवस पोटावर हात ठेवून असायची. पोट जरा वेळ हललं नाही की तिचा चेहरा उतरायचा. तिला डोहाळे लागले ते मासोळीच्या अंड्यांचे. तिखट-मीठ लावून तव्यावर परतलेली अंडी. आई मला दर दोन दिवसांनी म्हणायची, 'अंडीवाली नाई भेटत का वं एखादी? पोरीचा जीव लागून राहिला.'

अंडीवाल्याच होत्या सगळ्या! पावसाळा तोंडावर आलेला, मांगुरची पोटं फुगून टम्म झालेली. पण माझ्या मासोळ्यांची अंडी माझ्या बाटल्यांत जायची. ताईच्या तोंडचा घास काढून मी पिवळ्या पाण्यात बुडवते आहे, असं वाटायचं आणि वाईट वाटायचं. मैत्रिणीच्या मासोळ्या मात्र तिला आतड्यापुरत्या लागायच्या. अंडी ती काढून वेगळी टाकून द्यायची. मी तिला सांगितलं, 'अंडे मत निकालना, अंदर ही रहने देना.'

'काहे को?'

आणि मी म्हणाली, 'बिल्ली पेट से है.'

ती टाळ्याच पिटायला लागली. 'सच? एक बच्चा मुझे देना. पक्का?' मी म्हणाली, पक्का. त्यानंतर ती सर्वांत मोठ्या पोटाची मासोळी निवडायला लागली आणि येता-जाता विचारायची, कौन सा महीना चल रहा है. मांजरीला महिने नाही, आठवडे लागतात हे प्राणिशास्त्राच्या दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

त्या शनिवारी मी मायक्रोटोमवर बसली होती. फीत इतकी सुरेख निघून राहिली होती, अखंड, एकसारखी, की मला उठायचं नव्हतं. मैत्रीण येऊन म्हणाली, 'चलो ना, मार दो.' मी म्हणाली, 'रुक, दस मिनट.' ती परत आली, मी परत रुक म्हणाली. तिसऱ्यांदा ती आली नाही. मला बरंच वाटलं. घरी निघताना तिनं पुडकं हातात दिलं आणि मोठ्या फुशारकीनं सांगितलं, 'आज मैंने खुद किया.' मी तिची पाठ थोपटली. कसं केलं, हे विचारायचं सुचलं नाही.

मी पुडकं आईला दिलं, अंघोळ केली आणि शेजारच्या पोरीची हळद होती तिथं गेली. जेवण तिकडंच झालं. मी घरून निघताना आई चुलीपाशी होती आणि ताईला म्हणत होती, आज अंडी आहेत बरं का भरपूर.

रविवारी सकाळी ताईला उलटी झाली. मग अजून एक. आई म्हणाली, ऊन बाधलं. ताई दिवसभर पडून होती, डोकं बांधून. आईही काही खाईना, नुसतं ताक पिऊन राहिली. मला वाटलं, पोरीच्या काळजीनं जेवण जात नसेल. सोमवारी मी निघाली तेव्हा ताई म्हणाली, 'आज पोट हललंच नाई गं सकाळपासून.' आई म्हणाली, हलते, हलते, तू आधी पडून राह्य. मी सायकल काढली.

मैत्रीण प्रयोगशाळेच्या दारातच उभी होती. डोळे सुजलेले. मला पाहताच म्हणाली, 'बिल्ली कैसी है?'

'ठीक है,' मी म्हणाली. 'क्यों?'

'सच बोल. उसने खाया?'

आणि मग तिनं जे सांगितलं ते असं. तिला ठोकता येईना, मला उठायचं नव्हतं, म्हणून तिनं सुई घेतली, जिती मासोळी फडक्यात दाबून धरली आणि तिच्या पोटात फॉर्मेलिन, नमुने टिकवायचं औषध, टोचलं. मासोळी आपोआप मेली आणि आतडंही टिकलं, तिला वाटलं, किती छान युक्ती. आतडं काढलं, अंडी मी सांगितल्याप्रमाणे आत ठेवली, पुडकं बांधलं. रविवारी देवळात बसली असताना तिच्या डोक्यात आलं, अरे, फॉर्मेलिन म्हणजे विष. तेव्हापासून ती जेवली नव्हती. 'उसके पेट में बच्चे हैं,' ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. 'मैंने उसके बच्चे मार दिए.'

मी दाराची चौकट धरली. आमच्या घरात पोटुशी एकच होती.

'मर गई क्या?' ती रडतरडत विचारून राहिली. 'बोल ना, मर गई?'

आतमध्ये सगळे होते. कोणी भिंगाला डोळा लावून, कोणी काचा पुसत. तिच्या रडण्यानं सगळ्यांच्या माना इकडं वळल्या होत्या. मला एक क्षण, खरंच एक क्षण, असं वाटलं की 'ठीक है' म्हणावं, मागं फिरावं आणि एकटीनंच घरी पळावं. पण घरी जाऊन करणार काय होती मी? फॉर्मेलिन किती टोचलं, त्यानं काय होतं, उतारा काय, हे इथंच कळणार होतं.

'बिल्ली नहीं है,' मी म्हणाली.

तिनं तोंडावर हात ठेवला. 'मर गई...'

'नहीं रे बाबा! बिल्ली थी ही नहीं. कभी नहीं थी. वो मछली हम लोग खाते हैं. घर में. शनिवार वाली मेरी दीदी के लिए थी. उसको सातवाँ महीना है. दो दिन से उल्टी हो रही है.'

तिचं रडणं एकदम थांबलं. ती माझ्याकडं पाहत राहिली आणि मला दिसलं की ती मागचे सगळे महिने मनात मोजते आहे, एकेक पुडकं, एकेक 'मेरा प्यार देना'. मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, 'मतलब बाल्टी वाली?' आणि दुसरं कोणी म्हणालं, 'शश्.' त्या 'शश्'नं मला जास्त लागलं. अंगावरचा कपडा कोणी ओढून घ्यावा तसं झालं.  जे 'तुम लोगों में' टाळायला मी एवढं सगळं रचलं, ते आता माझ्याच तोंडून, भर प्रयोगशाळेत, मीच सांगून बसली होती.

सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मैत्रिणीला विचारलं, 'कितना डाला? कौन सी बोतल से?' तिनं बाटली दाखवली. त्यांनी बाटलीवरचं वाचलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, 'चलो, घर कहाँ है?'

सरांच्या स्कूटरवर मागं बसून मी कांचघरला आली. वाटेत ताईचाच विचार करायला पाहिजे होता. तिचं पोट, ते न हललेलं पोट. पण खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात घुमत होतं ते एवढंच, की मागं त्या आता काय बोलत असतील. बादली पाहत असतील का? ताईचा जीव टांगणीला आणि मी माझी अब्रू कुरवाळत बसली आहे, हे कळत होतं. कळलं की अजून लाज वाटायची. मध्येच सरांनी विचारलं, 'माँ-बाप को मालूम है, मछली कहाँ से आती है?' मी म्हणाली, 'उनको बोला है, कॉलेज देता है.' सरांनी स्कूटरचा वेग वाढवला.

बाबा ड्यूटीवर होते. आई दारातच तांदूळ निवडत बसली होती. सर आलेत म्हटल्यावर तिची नुसती धांदल उडाली. डोक्यावर पदर, खुर्ची पुसणं, पाण्याचा गिलास, आत ताईला हाक, 'ऊठ वं, कोण आलं पाह्य!' सर बसले आणि आई त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. किती दिवसांपासून तिला हे बोलायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

'सर, तुम्हारी मछली बहुत अच्छी रहती,' ती म्हणाली. 'हम तुम्हारा रोज नाम लेते. कौन देता है आजकल? तुम लोग बहुत बड़े मन के हो.'

मी भिंतीकडं पाहिलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, त्याचे उपकार मी आजवर विसरली नाही. ते एवढंच म्हणाले, 'जी, माताजी.' मग हळूच विचारलं, 'माताजी, शनिवार को जो मछली आई थी, वो किस-किसने खाई?'

आईचे जोडलेले हात खाली आले. ती मला मराठीत म्हणाली, 'काहून विचारून राहिले ते? काही झालं का?'

'ताईनं किती खाल्ली ते सांग आधी,' मी ओरडलीच. 'अंडी किती खाल्ली तिनं?'

ताई दारात येऊन उभी होती, डोक्याला अजून फडकं. 'मी?' ती म्हणाली. 'मले कुठं देल्ली? अंडी शिजली अन् मले वरणभात वाढला. मी रुसूनच झोपली. अन् आता आताच हललं वं पोट, चांगल्या लाथा मारून राहिलं.'

मला मटकन खाली बसावंसं वाटलं आणि मी बसलीच, तिथंच, जमिनीवर. ताईनं खाल्ली नव्हती. उन्हानंच उलट्या झाल्या होत्या. ताईला पुढं मुलगी झाली, गुटगुटीत, आणि आईबाबांनाही त्याच दिवशी दवाखान्यात दाखवलं, त्यांना पोटात आग होण्यापलीकडं काही झालं नव्हतं, हे इथंच सांगून टाकते, कोणाला घोर नको. पण ते सगळं नंतर. तेव्हा मी जमिनीवर बसून आईला विचारलं, 'मंग कोणं खाल्ली?'

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. सरांना मराठी कळत नाही ह्याचाच तिला आधार वाटत असावा. खालच्या आवाजात म्हणाली, 'वास येत होता. औषधाचा. लयच येत होता ह्या वेळेस. चिंचेच्या पाण्यात ठेवली, हळद लावली, जाईचना. अंडी तं अशी टणक, रबरावानी. पोटुशीले कशी द्याची? म्हणून तिले नाई देल्ली. मी अन् तुह्या बाबानं खाल्ली.'

'ह्या वेळेस म्हणजे?'

'थोडा वास तं दर वेळेसच येते. तुह्या हातालेही येते. तुले समजत नाई.'

माझं नाक त्या वासाला केव्हाच सरावलं होतं. दिवसभर त्यातच बसायची मी. दर वेळेस आईला तो वास येत होता, बाबांना येत होता, आणि दोघं माझ्यासमोर बसून वा वा करत खात होते.

'क्या कह रही हैं?' सरांनी विचारलं.

मी सांगितलं. दीदी को नहीं दी, बास आ रही थी, खुद दोनों ने खा ली.  सर खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, 'अरे! बास आ रही थी तो खाई क्यों? फेंक देनी थी.'

एवढं हिंदी आईला कळत होतं. तिनं उत्तर मलाच दिलं, माझ्याकडं न पाहता. 'फेकली असती तं तुले दिसलं असतं ना. तू एवढी सायकलवर घेऊन येतं. तुले लाज वाटली असती.'

'क्या बोलीं?' सर म्हणाले.

मी तोंड उघडलं. एवढे महिने मी दोन भाषांमध्ये सरसर खोटं बोलत आली होती, कुठं अडखळली नव्हती. आता आईचं एवढं साधं वाक्य हिंदीत सांगायचं होतं आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. सर वाट पाहत होते. शेवटी आईनंच पदर डोक्यावर नीट घेतला आणि तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, 'बच्ची को बुरा लगता, सर.'